भाता

सहा महिने मास्तरांनी एकच पट्टी वाजवू दिली.
काळी एक. तिच्या फटीत काडेपेटीची काडी खुपसायचे,
पेटीवर पंचा टाकायचे आणि म्हणायचे,
भाता मार. सूर फुगला तर चूक, वाळला तर चूक.
शहापूरच्या त्या बोळात समोर दोन माग, मागे तीन,
दिवसभर खटाक खटाक,
आणि त्यात मी डाव्या मनगटाला
हवा मोजून सोडायला शिकवत बसलेला.

गुरुपादप्पा मास्तरांचं मराठी असं :
"काय करालास रे? कुणाला दाखवालास?
गाणार ती. तू न्हवं.
तिच्या मागनं जा, पण लांब नको,
सावली पडती तेवढंच."
चिडले की कानडीत शिरत,
खूश झाले तरी कानडीतच.
मला पुष्कळ वर्षं शिवी आणि शाबासकी
सारखीच ऐकू यायची.

दिवसा रविवार पेठेत गुळाच्या अडतीवर कारकून.
बोटं चिकट. पेटीला शिवण्याआधी
गरम पाणी, लिंबाची फोड, मग राख.
तरी मास्तर वास घ्यायचे
आणि भावही विचारायचे.

धारवाडला रेडिओच्या परीक्षेला तीनदा गेलो.
दोनदा परत. तिसऱ्यांदा बी दर्जा मिळाला,
आणि निवेदकानं हुंदरेचं हुंडरे केलं.
आई रेडिओला कान लावून बसली होती.
म्हणाली, तू वाजलास कुठं?
मी म्हटलं, ऐकू आलो नाही म्हणजे बरोबर वाजलो.
हसलो. जेवलो मात्र नाही त्या रात्री.
पत्रिकेवर गाणाऱ्याचं नाव ठळक, तबल्याचं बारीक,
माझ्या जागी बऱ्याचदा
"साथ : स्थानिक."

निपाणीची बैठक सांगतो.
तंबाखूच्या वखारीवरची माडी, तीसेक माणसं,
जाजमालाही झणका.
अक्काताई चिकोर्डे बागेश्रीत हळूहळू चढत
निषादावर आल्या, आता षड्ज,
आणि ठसका.
तोंड उघडं, डोळ्यांत पाणी, आवाज नाही.
मी निषाद धरला.
षड्ज एका बोटावर होता, गेलो नाही.
तो त्यांचा होता.
बसलिंगनं ठेका सोडला नाही,
मी भाता सोडला नाही,
विलंबित एकतालाचं अख्खं आवर्तन
आणि वर अर्धं.
लोकांनी डोळे मिटून घेतले,
कोपऱ्यातून कुणी "भेष!" म्हणालं.
मग त्यांनी षड्ज ठेवला,
ठरवूनच थांबल्यासारखा.

सकाळच्या एसटीत संकेश्वरपर्यंत त्या बोलल्या नाहीत.
स्टँडवर गाडी थांबली तशा उठल्या,
मला खिडकीची जागा दिली.
"बसा. हवा लागू दे तुम्हाला."
पुढच्या बैठकीलाही पत्रिकेवर
स्थानिकच होतो.

आता नंदिता होनगेकर येते, येळ्ळूरहून, स्कूटीवर.
तानपुरा तिच्या मोबाईलमध्ये असतो.
परवा विचारलं तिनं,
सर, नुसत्या साथीवर पोट भरतं का?
मला गुळाचे भाव आठवले,
पाकिटातले दीडशे, एक नारळ,
परतीचं तिकीट स्वतःचं.
बोललो काहीच नाही.
काडी शोधत राहिलो.
स्वयंपाकघरात लायटर, काडेपेटी नाही,
शेवटी देवघरात उदबत्तीपाशी सापडली,
सादळलेली.

काळी एक. पंचा.
ती भाता मारते, आणि मला प्रत्येक ओढ ऐकू येते,
कातड्याची घडी, झडपेचा ठपका, तिच्या बांगडीसुद्धा.
चिडून म्हणणार होतो काहीतरी,
मग लक्षात आलं,
समोरचे माग विकून तिथं फरशीचं गोदाम झालंय.
बोळात आवाजच नाही.
इतक्या शांततेत भाता लपवायला
मास्तरांनी मला शिकवलंच नव्हतं.
"थांब जरा," म्हटलं.
"सरक. मला बघू दे."